हैदराबादला उतरलेलं माहेर

माझी मुलगी वादळं जुळवते. लोकांच्या मुली बँकेत असतात, शाळेत असतात, चाकणच्या कंपनीत माल तपासायला असतात. माझी पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये, झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल लावून बसते आणि वादळं जुळवते. सोसायटीतल्या बायका विचारतात, तुमची लेक काय करते, तर मी ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगते. खरं सांगितलं की त्या तोंडाचा आ करतात आणि मग समजावत बसावं लागतं. मला त्याचा कंटाळा येतो.

काम समजायला तसं अवघड नाही. सकाळी उठून ती आजची हवा बघते. दमट किती, उन्हाचा चटका किती, वरचा वारा कुठल्या अंगानं आहे. मग मागच्या वर्षांतले अगदी तसलेच दिवस शोधून काढते. त्या दिवसांत ढग कधी चढले, कुठून आले, विमानतळावर किती वेळ ठाण मांडून बसले, हे एकाशेजारी एक लावून बघते आणि विमान कंपन्यांना कळवते. त्यावरून ते ठरवतात, कुठलं विमान लवकर सोडायचं, कशात जास्तीचं इंधन भरायचं, उतरता आलं नाही तर कुठल्या गावाला न्यायचं. स्थळ बघताना आपण मुलाचा बाप कसा होता, चुलता पितो का, आत्या नांदली का हे बघतो आणि मग मुलाविषयी बोलतो. तसंच हे. मुलाचं जसं कधी चुकतं तसं ढगाचंही चुकतं, पण बरेचदा तो घराण्यावर जातो.

त्या कामाची चित्रं मात्र मला बघवत नाहीत. नकाशावर हिरवे, पिवळे, लाल, जांभळे डाग. मार खाल्लेल्या बाईच्या पाठीसारखे. एकदा ती जेवताना लॅपटॉप शेजारी घेऊन बसली होती. मी म्हटलं, ते मिट, नाहीतर मी उठते. तिनं मिटलं.

हे सांगायचं कारण, गेल्या वैशाखात माझी थोरली बहीण गेली आणि त्या दिवशी या डागांनी आमच्या घरची शोभा केली. डागांनी म्हणणंही बरोबर नाही. शोभा माणसांनी केली. डागांचं निमित्त झालं.

आम्ही तिघं भावंडं. थोरली, मी आणि सगळ्यांत धाकटा भाऊ. माहेर चाकणच्या पुढं. तिथं आता आमचं रान नाही, पत्र्याची लांबच लांब शेड आहे आणि गेटावर शिट्टीवाला वॉचमन. आईबाप कधीच गेले. भाऊ चिंचवडच्या कंपनीतून रिटायर झाला आणि दिल्लीला मुलाकडे जाऊन राहिला. भाऊबीजेला कुरिअरनं साडी पाठवतो. कुरिअरवाला सही घेतो आणि जातो, त्याला ओवाळता येत नाही.

थोरली भोसरीत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाली दोन मुलांचे संसार, आणि मागच्या बाजूला ओळीनं भाड्याच्या खोल्या. वर्कशॉपात काम करणारी लातूर-बीडकडची कुटुंबं त्यात राहतात. थोरली अंथरुणाला खिळून होती, त्यामुळे पहाटे थोरल्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी रडले नाही. मुलीला उठवलं. तिची त्या दिवशी ड्युटी होती. सुट्टी मागितली, पण बदली माणूस मिळेपर्यंत काम बघावंच लागणार होतं, म्हणून तिनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि आम्ही रिक्षानं भोसरीला गेलो.

गेल्या गेल्या मी भावाला फोन लावला. त्याला कळलंच होतं. ‘‘ताई, आक्का गेली गं,’’ म्हणून तो रडायला लागला. त्याला रडू लवकर येतं. लहानपणीही यायचं आणि मग त्याचा वाटा वाढायचा.

मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला. ‘‘मामा, सकाळच्या विमानात जागा आहेत, मी बघितलं. तेच घ्या. दुपारचं घेऊ नका. आजचा दिवस चांगला नाही. संध्याकाळी पुण्यावर ढग चढणार.’’

‘‘अगं, पण दुकानं अकराला उघडत्यात.’’

‘‘कसली दुकानं?’’

‘‘लुगड्याची. माहेरचं लुगडं न्हाई व्हय न्यायचं? बहिणीच्या मयताला रिकाम्या हातानं येऊ?’’

आमच्यात बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ आणतो. आंघोळ घालून ते अंगावर घातलं की मगच तिला उचलतात. सासरी जन्म घालवलेल्या बाईला जाताना माहेर आठवतं ते असं. मी फोन ओढून घेतला.

‘‘अरे, भोसरीत पावलापावलावर साडीचं दुकान हाय. हितं उतर आन् हितंच घे.’’

‘‘ताई, हितलं घेतलं तर ते माहेरचं कसं? आन् मी आक्काला जन्मात काय दिलं? येवढं तरी माझ्या हातानं आणू दे की.’’

‘‘मामा, दुपारचं विमान कदाचित उतरणारच नाही,’’ मुलगी मध्ये बोलली.

‘‘विमान ढगाच्या वरनं जातंय गं पोरी. खाली काय बी होऊ दे, वर ऊन पडलेलं असतंय. मी सोता बघितलंय खिडकीतनं.’’

‘‘अहो मामा, पण उतरावं खालीच लागतं ना!’’

‘‘बघतो,’’ म्हणून त्यानं फोन ठेवला. माझ्या भावाच्या ‘बघतो’चा अर्थ मला ठाऊक आहे. मी मुलीला म्हटलं, हा दुपारी निघणार.  तिनं सकाळीच लिहून पाठवलं होतं की आज संध्याकाळी पुण्याचं अवघड आहे, आणि आता घरचाच माणूस त्यात येऊन बसणार होता.

दिवस वर आला तशी माणसं जमली. थोरली मधल्या खोलीत खाली, अंगावर कालचंच लुगडं. आंघोळ घालायची ती माहेरचं आल्यावर. उशाशी दिवा, उदबत्त्यांचा असा धूर की जिवंत माणसाचा जीव घाबरावा. धाकटा भाचा राजकारणात धडपडतो. त्यानं अकराच्या आत कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. त्यात आईचा फोटो पासपोर्टएवढा, आणि खाली हात जोडून हा आणि याचे सहा मित्र, गळ्यात साखळ्या, डोळ्यावर काळे चष्मे. मेलेल्या बाईकडे बघताना चष्मा कशाला लागतो? मी विचारलं तर म्हणाला, ‘‘मावशी, जुनाच फोटो वापरला, घाईत मिळाला नाही दुसरा.’’ त्याला वाटलं मी फोटोची चौकशी करते आहे.

दुपारपर्यंत उकाड्यानं माणसं कासावीस झाली. थोरल्या भाच्यानं शीतपेटी मागवली, म्हणजे काचेचं झाकण असलेली गार पेटी. थोरलीला त्यात ठेवलं आणि वायर लांबवून स्वयंपाकघरातल्या बटणाला लावली, तिथला मिक्सर काढून. पेटी घुरघुरायला लागली. बायका काचेला नाक लावून बघायच्या आणि बाजूला होऊन चहा किती गोड झालाय ते बोलायच्या.  मी मागच्या दाराला जाऊन उभी राहिले.

तिथं खोल्यांतली एक बाई उभी होती, लातूरकडची, कडेवर मूल. मला बघून हळूच म्हणाली, ‘‘मावशे, लेकरं सकाळपून उपाशी हायेत. वरणभात टाकू का? मालकीणबाई पडून हायेत म्हणून हात होईना.’’

मयत उठेपर्यंत शेजारात चूल पेटवत नाहीत. जुनी चाल आहे आणि चाल चांगली आहे, पण ती तासा-दोन तासांची असते, अख्ख्या दिवसाची नसते. मी म्हटलं, टाक. तेवढ्यात थोरली सून आतून ओरडली, ‘‘फोडणीचा वास नको हं यायला! लोक काय म्हणतील!’’ ती बाई मुकाट्यानं आत गेली. घर त्यांचं, खोली त्यांची. मूल रडत राहिलं.

भाऊ दुपारच्या विमानात बसला. लुगडं घेऊन बसला असा निरोप आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मग जे सुरू झालं ते मी माझ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. मोबाइलवर म्हणे विमान दिसतं. धाकट्या भाच्यानं ते लावलं आणि त्याच्याभोवती दहा डोकी गोळा झाली. पेटीकडे पाठ.

‘‘मामा इंदूरच्या खाली आला!’’

‘‘अरे, पळतोय की मामा!’’

‘‘मामा नाशिक सोडून चालला. आलाच आता.’’

थोरलीचा दीर भिंतीला टेकून बसला होता. सत्तरीचा, तंबाखू मळणारा. त्यानं विचारलं, ‘‘येवढ्या उंचावनं दिसतंय का माणूस?’’ आणि सगळे हसले. मयताच्या घरात मोठ्यानं हसले. मग एकमेकांना ‘श्शू’ करून परत हसले.

मी पदर नाकाला लावला. उदबत्तीच्या धुरासाठी नाही.

संध्याकाळ व्हायला आली तसा वारा सुटला. भोसरीत वारा सुटला की आधी धूळ येते, मग पत्रे वाजतात आणि मग लाईट जाते. तशीच गेली. पंखे थांबले आणि पेटीची घुरघुर थांबली. कोपऱ्यावरचा फ्लेक्स फाटून एका बाजूनं फडफडायला लागला, सहापैकी तीन मित्र दिसेनासे झाले. पण पाऊस नाही. एक थेंब नाही. पलीकडे विमानतळाकडं, लोहगावच्या अंगाला मात्र आभाळ काळं ठिक्कर पडलं होतं आणि त्यात विजा चमकत होत्या.

‘‘मामा फिरायला लागला,’’ भाचा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा उतरला. ‘‘गोल गोल फिरतोय.’’

विमान घिरट्या घालत होतं. सगळे बघत राहिले. मग एकाला आठवलं की माझी मुलगी याच कामात आहे. ती स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभी होती. सगळे तिच्या दारात.

‘‘ताई,’’ धाकटा भाचा म्हणाला, ‘‘तुमच्याच ऑफिसचं काम आहे ना हे? एक फोन टाका ना. म्हणावं घरात मयत आहे, तेवढं एक विमान उतरवून घ्या.’’ हा मुलगा जन्मभर हेच शिकला आहे की फाटक बंद दिसलं की योग्य माणसाला फोन टाकायचा.

‘‘कोणाला फोन टाकू? ढगाला?’’

‘‘अगं, बाहेर बघ तर,’’ थोरला म्हणाला, ‘‘आभाळ कोरडं ठणठणीत आहे. कुठंय तुझं वादळ?’’

‘‘दादा, विमान भोसरीत उतरत नाही. लोहगावला उतरतं.’’

दिरानं तंबाखू ओठात धरली. ‘‘येवढं शिकून उपेग काय मग? सकाळधरनं पोरगी म्हनत व्हती येणार न्हाई, येणार न्हाई. घरातल्या मानसानं असं वंगाळ बोलू ने.’’

म्हणजे वादळ तिच्या तोंडानं आलं. मला वाटलं, आता ही रडेल. रडली नाही. तिनं त्यांच्याकडे पाठ केली आणि कामाला लागली. बॅटरी संपत आली होती.

थोड्या वेळानं बाहेरून आरोळी आली, ‘‘मामा सोलापूरकडं चालला!’’ आणि मग कोणीतरी म्हणालं, सोलापूर नाही, हैदराबाद.

ओसरीवर बैठक भरली. दिराचं म्हणणं, माहेरचं आल्याबिगर बाई उचलायची नाही, मग सकाळ झाली तरी चालेल. थोरल्याचं म्हणणं, मामा नसताना नेलं तर नातेवाईक तोंडात शेण घालतील, पेटी आहेच. धाकट्याचं म्हणणं, आत्ताच न्या, कारण निम्मी माणसं सेकंड शिफ्ट बुडवून बसली आहेत, उद्या चार खांदे मिळायची मारामार. थोरलीविषयी कोणी काहीच म्हणालं नाही. ती बंद काचेखाली, वैशाखात, लाईट गेलेल्या पेटीत होती.

मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. मुलीला विचारलं, ‘‘रातच्याला तरी येईल का तो? खरं सांग.’’

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि पुन्हा बाजूला केला, मला ते आवडत नाही हे तिला आठवलं असावं. ‘‘आई, आजच्यासारखे जे जुने दिवस आहेत ना, त्यांच्यात दोन जाती आहेत. एकीत वादळ येतं, झोडपतं आणि तासाभरात मोकळं होतं. दुसरीत पहिलं गेलं की पूर्वेकडून मागोमाग दुसरं येतं, आणि मग रात्र जाते. आजचा दिवस दुसऱ्या जातीचा आहे.’’

‘‘म्हंजे न्हाई.’’

‘‘नाही. तोवर पायलटची ड्युटीही संपते. विमान आज हैदराबादलाच राहणार.’’  मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘आई, दुसरं येणार हे मीच लिहून पाठवलं. आत्ता. मामा त्यात आहे हे माहीत असून. मोकळं होईल असं लिहिलं असतं तर कदाचित त्यांनी परत आणायचा प्रयत्न केला असता.’’

‘‘लिहिलंस ते खरं हाय?’’

‘‘खरं आहे.’’

‘‘मग बरं केलंस. त्या विमानात काय एकटा माझा भाऊ हाय का? आन् हे बाहेर बोलू नको. त्यांना तुझी अक्कल झेपायची न्हाई.’’

तिनं मान हलवली.  त्या घरात सकाळपासून मला ज्याची किळस वाटली नाही असं ते एकच माणूस होतं, आणि ते माझ्या पोटचं होतं म्हणून मी म्हणत नाही.

मी भावाला फोन लावला. तो हैदराबादला विमानातच बसून होता, त्यांना उतरवलंही नव्हतं. परत रडला. ‘‘ताई, खाली दिसत होतं गं पुणं. घरं दिसत होती. उतरवलं न्हाई त्यांनी.’’

‘‘रडू नको. कसलं लुगडं घेतलंस?’’

‘‘सिल्क हाय. भारी. मोराचे काठ हायेत.’’

‘‘नऊवारी हाय का?’’

तो परत मोरांचंच सांगायला लागला. माझं डोकं तिथंच तापायला लागलं.

‘‘ताई, दिल्लीत नऊवारी कुठं मिळतंय? सहावारीच घेतली.’’

‘‘आक्कानं जन्मात सहावारी नेसली होती? पोरांच्या लग्नात न्हाई नेसली, नवरा होता तवा न्हाई नेसली.’’

‘‘आता काय गं... आता काय तिला चालायचं हाय? अंगावर पांघरायचीच की.’’

म्हणजे यासाठी. सकाळचं विमान सोडलं ते यासाठी. दिवसभर एक बाई काचेखाली ठेवली, खोल्यांतली लेकरं उपाशी ठेवली, माझ्या लेकीला अवदसा ठरवलं, ते एका सहावारी सिल्कसाठी, जी थोरलीनं जिवंतपणी हातातही धरली नसती. म्हणायची, कासोटा नसला की उघडंच वाटतं. मी फोन ठेवला. 

मग चपला घातल्या. मुलगी माझ्यामागून आली. गल्लीच्या तोंडाशी साडीचं दुकान आहे, इन्व्हर्टरवर एक ट्यूब चालू होती. मी म्हटलं, नऊवारी दाखवा, इरकल काठाचं, सुती, विटकरी नाहीतर कावेच्या रंगाचं. दुकानदार म्हणाला, ‘‘खण पण दाखवू का आजी? कार्य कुणाकडं?’’

‘‘मयत हाय.’’

 हातातली घडी त्यानं न उलगडता दिली. कोरं लागतं, उलगडायचं नसतं, एवढं त्याला समजत होतं. दिवसभरात मला भेटलेला दुसरा शहाणा माणूस.

आम्ही परत आलो तेव्हा ओसरीवर तीच बैठक, तेच बोलणं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, ‘‘पाणी तापवा. आंघोळ घालायची.’’

दीर पुढं आला. ‘‘बाई, ते माहेरचं भावानं आणायचं असतंय. तुमी दिलेली लेक. तुमचं माहेर तुमच्या नवऱ्याच्या घरनं कसं येतंय?’’

‘‘पाव्हणं, आमी दोघी त्या घरात होतो तवा भाऊ जन्माला बी आला नव्हता. तो आल्यावर माहेर झालं व्हय?’’

‘‘चाल हाय ती...’’

‘‘चाल मला बी ठावी हाय. तुमचा भाऊ गेला तवा तुमी मुंडण केलं नव्हतं, उन्हाळा हाय म्हणून टोपी घालून आलता. तवा चाल कुठं होती?’’

मागं कोणीतरी बायकांत फिस्सकन हसलं. दिरानं तंबाखू थुंकली आणि बाजूला बघायला लागला. थोरला भाचा अजून घुटमळत होता. ‘‘मावशी, सकाळपर्यंत... पेटी आहे ना...’’

‘‘पेटीला लाईट न्हाई. काचेला हात लाव.’’

त्यानं हात लावला. काच आतून घामेजली होती आणि कोमट होती. त्याचं तोंड कसंतरी झालं. तो चाळिशी उलटलेला माणूस, पण त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आत आई आहे. ‘‘काढा,’’ तो ओरडला, ‘‘काढा रे तिला बाहेर, काढा!’’

मेलेल्या बाईला नऊवारी नेसवणं सोपं नाही. त्या घरातल्या सुनांना तर ते येतच नाही, त्या गाऊनवाल्या. मी आणि गल्लीतली एक म्हातारी, दोघींनी नेसवलं. मुलीनं डोकं धरलं होतं. अंग ताठ झालेलं, निऱ्या बसेनात. म्हातारी म्हणाली, ‘‘पांघरू का नुसतं?’’ मी म्हटलं, नाही. पायातून काठ ओढून मागं खोचला, जमला तेवढा. वेडावाकडाच झाला. थोरलीनं बघितलं असतं तर मला पोतेरं म्हणाली असती. पण कासोटा होता.

उजेड होता तोवर तिला नेलं. वारा पडला होता. लोहगावच्या अंगाला अजून विजा होत होत्या आणि त्यामागं, पूर्वेकडून, दुसरा काळा थर चढत होता. तो मला दिसला, मुलीला दिसला. दुसऱ्या कोणाचं लक्ष नव्हतं. तिरडी गल्लीच्या बाहेर गेली तशी मी मागच्या दारी जाऊन सांगितलं, पेटवा चुली. लातूरच्या बाईनं आधी माझ्यामागं सून उभी आहे का ते बघितलं.

रात्री लोहगावला झोडपलं म्हणे. बरीच विमानं इकडं तिकडं गेली. मुलीनं दुसऱ्या दिवशी ऑफिसला सगळं लिहून पाठवलं, आता पुढं असला दिवस उगवला की त्याच्याशेजारी लावायला हाही दिवस आहे. ढग किती वाजता आले ते त्यात आहे. त्या ढगांखाली माणसं कशी वागली याची नोंद कोणी मागत नाही, ते एक बरं आहे.

भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तिसऱ्या दिवशी सावडायला होता. राख सावडून घरी आल्यावर त्यानं बॅगेतून ती साडी काढली आणि दिवा ठेवला होता त्या जागेसमोर ठेवली. प्लास्टिकच्या खोक्यात, वर चकचकीत कागद. ‘‘हिचं आता काय करू?’’ मला म्हणाला. ‘‘तूच घे ताई.’’

‘‘मयताची म्हणून आणलेली मी नेसू? मी अजून हाय.’’

‘‘मग?’’

‘‘मला काय विचारतोस? मोर तू निवडलेस.’’

थोरल्या सुनेची नजर खोक्यावर होती. संध्याकाळी खोकं तिथं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिनं साडीला फॉल लावून घेतला असं ऐकलं. नेसली असेल. नेसू दे. सिल्क चांगलं होतं.

सुतकाच्या घरात स्वयंपाक नव्हता, मी पिठलं-भाकरी करून आणली होती. भावाला वाढलं. तो खाली मान घालून जेवत होता. म्हातारा दिसत होता, कानावरचे केस पांढरे, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात. मला वाटलं आता तरी म्हणेल, सकाळचं विमान घ्यायला हवं होतं. ते त्यानं म्हटलं नाही. त्याला ढगांचा राग होता, विमान कंपनीचा होता, हैदराबादला विमानात पाणीसुद्धा विकत दिलं त्याचा होता.

मग म्हणाला, ‘‘ताई, तुझ्या वेळी बघ. मी असा उशीर करणार न्हाई. आधीच येऊन बसतो.’’

‘‘म्हंजे मी मरायची वाट बघत उशाला बसतोस?’’

‘‘तसं न्हाई गं.’’

‘‘मग कसं? माझ्या वेळचं लुगडं मी त्या दिवशीच घेऊन ठेवलंय, आक्काचं घेतलं त्याच दुकानातनं. इरकल. ह्या पोरीला दाखवलंय कुठं हाय. तू त्यासाठी दुकान उघडायची वाट बघू नको. यायचं असंल तर भाऊबीजेला ये. काही आणू नको. आलास की मी ओवाळीन, जेवशील, जाशील.’’

मुलगी मध्येच म्हणाली, ‘‘मामा, तेव्हा ढग नसतात फारसे. कुठलंही विमान चालेल.’’

तो ‘येतो’ म्हणाला. ‘बघतो’ म्हणाला नाही, एवढं मी ऐकलं. त्यानं भाकरीचा शेवटचा तुकडा पिठल्यात फिरवला आणि विचारलं, ‘‘अजून हाय का गं?’’ मी टोपलं त्याच्यापुढं सरकवलं.